आपल्या हातची गाडी

लोवेल हुफनागलच्या दारात एक पाटी आहे. लोखंडी, पांढरी, कडेने गंजलेली. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'या जागी फक्त आपल्या गावच्या हातांनी बनवलेल्या गाड्या लावाव्यात.' पाटी त्याने रंगवून घेतलेली नाही. टॉलिव्हर मोटारींचा कारखाना पाडायला बुलडोझर आले, त्या दिवशी गावातल्या लोकांनी आठवण म्हणून हाताला लागेल ते उचलून नेलं. कुणी घड्याळ नेलं, कुणी भोंगा नेला, आयर्मा क्लॉट्झने तर रखवालदाराची खुर्ची नेली आणि अजून ती तिच्यावर बसून वाटाणे सोलते. लोवेलने ही पाटी नेली. पण ती आठवण म्हणून गॅरेजमध्ये टांगायची सोडून त्याने तिचा अंमल सुरू केला.

मी त्याच्या समोरच राहतो. वेंडल ग्रूब माझं नाव. ॲल्डर क्रीकच्या मोठ्या रस्त्यावर माझं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. टॉलिव्हर कंपनीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिने माझी दोन्ही मुलं शिकवली, घराचं छप्पर बदलून दिलं, बायकोला फ्लोरिडाचा समुद्र दाखवला. चांगल्या गाड्या बनवणाऱ्या गावात मी उपाशी मेलो असतो.

कंपनी काढली एफ्रम टॉलिव्हर नावाच्या गृहस्थाने. तो आधी लोणी काढायची यंत्रं बनवायचा. मग गावात पहिली मोटार आली, ती बघून त्याला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. यंत्राला चार चाकं लावली आणि झाली टॉलिव्हर. लोकांना गाडी आवडली, कारण ती आमच्या इंडियाना राज्यात बनलेली होती आणि डेट्रॉइटच्या बड्या मोटारवाल्यांच्या नाकावर टिच्चून बनलेली होती. बाकी आवडण्यासारखं फारसं काही नव्हतं. एफ्रम गेला, त्याचा मुलगा गेला, नातवाने कंपनी न्यूयॉर्कच्या लोकांना विकली, पण गाडीतलं ते मूळचं घुसळणं शेवटपर्यंत गेलं नाही. लांबच्या प्रवासाला निघताना बायका मागच्या सीटवर दुधाची बाटली ठेवायला घाबरायच्या.

कंपनीची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे टॉलिव्हर बिशप. लांबच लांब, समोर चांदीसारखी जाळी, मागे पंख. फोटोत बघावी. प्रत्यक्षात तिचा हीटर एकदा सुरू झाला की बंद व्हायचा नाही आणि एकदा बंद झाला की वसंत ऋतूपर्यंत सुरू व्हायचा नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरलेली असो नाहीतर कोरडी ठणठणीत, काटा आपला अर्ध्यावर बसून समाधानी. मागच्या दिव्यांत पावसाचं पाणी साचायचं. आणि डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. रविवारी चर्च सुटलं की सगळ्या बिशप एकामागून एक एल्म रस्त्याला डावीकडे वळायच्या आणि गावाला वाटायचं कुणाचं लग्न लागलं. मी किती हॉर्न सोडवून दिले, पण पुढच्या वर्षीच्या गाड्यांत तीच वायर तशीच. कारखान्यात कुणाला सांगितलं तर म्हणायचे, "वळताना आवाज झालेला बराच असतो की."

गावातल्या एकाही माणसाने गाडीला कधी वाईट म्हटलं नाही. म्हणणार कसं? कारखान्याचा नियमच तसा होता. कामगारांच्या गाड्यांसाठी गेटाजवळ मोठं आवार होतं, डांबरी, झाडलेलं, आणि तिथे ही पाटी. दुसरी गाडी घेऊन येणाऱ्याने ती पार मागे, रेल्वेच्या रुळांपलीकडे, चिखलात लावायची आणि जेवणाचा डबा घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत यायचं. लाज वाटावी म्हणूनच तो नियम होता. मग गावानेही तो उचलला. चर्चमध्ये, बोलिंगच्या हॉलबाहेर, शाळेच्या मैदानावर, सगळीकडे दाराजवळ टॉलिव्हर आणि लांब बाकीच्या. आमच्या दातांच्या डॉक्टरने एकदा फोर्ड घेतली तर लोक दाढ दुखत असली तरी दुसऱ्या गावी जायचे.

लोवेल या कारखान्यात उजवीकडची पुढची दारं बसवायचा. जन्मभर तेवढंच. डावी दारं दुसरा माणूस बसवायचा, त्याच्याबद्दल लोवेलचं मत चांगलं नव्हतं. एवढं मात्र मी मान्य करतो की लोवेलने बसवलेलं दार म्हणजे दार होतं. मी बॉनेट उघडून आतल्या पसाऱ्याला शिव्या घालायचो, गाडीखाली झोपून गंज अंगावर घ्यायचो, पण उजवं दार लावलं की ते असं मऊ आणि घट्ट बसायचं की ऐकत राहावं. गाडीचं सगळं गळून पडायचं, दार तिथेच. भंगाराच्या अड्ड्यावर जाऊन बघा, अजून आहेत.

त्याची मुलगी डार्ला लहान होती तेव्हा तो तिला स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांवर काम शिकवायचा. दार काढायचं, पुन्हा बसवायचं, फटीवरून अंगठा फिरवायचा. त्याची बायको मॅक्सीन वैतागायची. "माझ्या कपाटाला दार आहे की नाही हे मला रोज सकाळी बघावं लागतं," म्हणायची.

कारखाना बंद पडायच्या आधीची शेवटची काही वर्षं फार मजेची होती. म्हणजे बघणाऱ्याला. न्यूयॉर्कवाल्यांनी हिशेब केला आणि ठरवलं, गाड्या बनवण्यापेक्षा आणलेल्या बऱ्या. जपानमधून जहाजाने तयार गाड्या यायला लागल्या. कॅलिफोर्नियात उतरायच्या, रेल्वेने ॲल्डर क्रीकला यायच्या. इथे त्यांना फक्त टॉलिव्हरचा बिल्ला आणि चाकांच्या टोप्या लावायच्या. नाव ठेवलं टॉलिव्हर रीजंट. दारं जपानमध्येच बसलेली असायची, म्हणून लोवेलची बदली बिल्ल्यांवर झाली. ज्या माणसाच्या अंगठ्याला कागदाएवढी फट कळायची त्याने दिवसभर दोन भोकं पाडून बिल्ला दाबायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. शेवटच्या लॉटमधली एक रुपेरी रीजंट त्याने स्वतःसाठी घेतली, तिला स्वतःच्या हाताने बिल्ला लावला, आणि मग कारखान्याला कुलूप लागलं.

आणि काय सांगू, ती गाडी बिघडेचना. हिवाळ्यात हीटर चालायचा, उन्हाळ्यात बंद व्हायचा. काटा खरं बोलायचा. डावीकडे वळताना गाडी गप्प. लोवेलला अभिमान मावेना. डॉटीच्या हॉटेलात दर बुधवारी सकाळी टॉलिव्हरवाल्यांचा अड्डा जमायचा, अजूनही जमतो. बाहेर बिशप आणि जुन्या गाड्यांची रांग, आत बिस्किटं, पांढरी ग्रेव्ही आणि बढाया. निघताना निम्म्या गाड्या सुरू व्हायच्या नाहीत आणि म्हातारे एकमेकांच्या गाड्या ढकलत बसायचे. लोवेल मात्र किल्ली फिरवली की निघाला.

"बघा," तो खिडकीतून ओरडायचा, "टॉलिव्हर म्हणजे टॉलिव्हर! आपल्या माणसांनी बनवलेली गाडी अशी असते!"

ढकलणारे माना डोलवायचे. गाडीचा चेसिस नंबर पुढच्या काचेखाली डाव्या कोपऱ्यात पट्टीवर कोरलेला असतो, आणि त्याचं पहिलंच अक्षर गाडी कुठल्या देशात जन्मली ते सांगतं. लोवेलच्या गाडीत त्या कोपऱ्यावर कारखान्याची निळी टोपी ठेवलेली असायची. उन्हाने ती पांढरी पडली, पण जागची हलली नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की टोपीखाली काय आहे. मी तर इंजिनाच्या नळ्यांवरची जपानी अक्षरं रोज बघायचो. ऑइल बदलायला आणली की लोवेल गॅरेजच्या दाराकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे त्याला दिसू नये. गिऱ्हाइकाचा धर्म आणि गिऱ्हाइकाची गाडी, दोन्हींवर मत देऊ नये.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढे डार्लाला नोकरी लागली.

शेजारच्या जिल्ह्यात मक्याच्या शेतांवर एका जपानी कंपनीने मोटारींचा कारखाना काढला. आमच्या गावच्या बेकारांपैकी निम्मे तिथे लागले. डार्लालाही घेतलं. पहिल्या आठवड्याचं काम संपवून ती आईबापाकडे जेवायला आली. मी होतो त्या दिवशी. मॅक्सीनने खिम्याचा गोळा भाजला होता, वर टोमॅटोचा रस्सा.

"बाबा," डार्ला म्हणाली, "मला दारांवर घातलंय. उजवीकडचं पुढचं."

लोवेल ताटातल्या मटाराकडे बघत होता.

"वेंडल," तो म्हणाला, "ते मीठ सरकव जरा."

बस, एवढंच. मी मीठ सरकवलं.

वर्षभराने डार्लाने त्याच कारखान्यातली गाडी घेतली. तिच्या पाळीत तयार झालेली, हिरवी. ती घेऊन नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली तर बाप पाटीशेजारी उभा.

"वाचता येतं ना?" लोवेल म्हणाला.

"बाबा, गंमत करतोस का?"

"ही जागा आपल्या गाड्यांची आहे. तुझी ती लांब लाव."

"लांब म्हणजे कुठे? रस्त्यावर लावली तर पोलीस उचलून नेतील." ते खरं होतं. नोव्हेंबरपासून आमच्याकडे रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, बर्फ काढणारं यंत्र फिरतं.

"चर्चच्या आवारात लाव. दोन गल्ल्या तर आहेत."

माझ्या दारात लावता आली असती, पण तिथे दोन मेलेल्या बिशप विटांवर उभ्या होत्या. शिवाय मी नुसतं सुचवलं तर लोवेल म्हणाला, "तुझ्या दारातली गाडी मला ताटावरून दिसेल, वेंडल. टर्की घशाखाली उतरायची नाही." मग डार्ला गाडी घेऊन चर्चकडे गेली आणि भाजलेल्या रताळ्यांचं गरम भांडं दोन हातांत धरून बर्फातून चालत आली. रुळांपलीकडून डबा घेऊन येणाऱ्या माणसासारखी. शेजारीपाजारी पडद्याआडून बघत होते.

एकदाचं असतं तर गोष्ट वेगळी. पण दर थँक्सगिव्हिंगला, दर नाताळला, ईस्टरला, बापाच्या वाढदिवसालाही हेच. मुलगी नोकरीत मोठी झाली, लग्न झालं, मोडलं, केस पिकायला लागले, आणि ती चर्चपासून चालत येतेच आहे. पोरगीही बापावरच गेलेली. विनंती करायची नाही, रडायचं नाही, आणि यायचंही सोडायचं नाही.

मॅक्सीन नवऱ्याला काही बोलायची नाही. तिने आपला मार्ग काढला होता. डार्ला यायच्या वेळेला ती कोट घालायची, "जरा पाय मोकळे करून येते," म्हणायची आणि चर्चकडे निघायची. तिथे मायलेकी त्या हिरव्या गाडीत हीटर लावून बसायच्या. बराच वेळ. खिडक्यांवर वाफ धरायची. एकदा मी चर्चची गाडी दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा पाहिलं. मॅक्सीन हातमोजे काढून, चष्मा काढून काहीतरी सांगत होती आणि इतकी हसत होती की मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती. मग दोघी भांडं घेऊन चालत घरी यायच्या आणि मॅक्सीन पुन्हा गप्प.

गेल्या नाताळात डार्ला चर्चच्या आवारात बर्फावरून घसरली. मनगट मोडलं. दवाखान्यात हाताला प्लास्टर घालत होते आणि लोवेल पलंगाशेजारी उभा राहून म्हणाला, "बर्फ वितळायला चर्चने मीठ टाकायला हवं होतं."

डार्लाने मान वळवून बापाकडे पाहिलं. "आता मी येणार नाही, बाबा," ती म्हणाली. "आले तर दारात येईन."

आली नाही. ईस्टर गेला, वाढदिवस गेला. फोन यायचा आईला. लोवेल म्हणायचा, "येईल, कुठे जाते." आणि त्या उन्हाळ्यात मॅक्सीनचे गुडघे गेले. दोन्ही. काठी घेऊन ती कशीबशी टपालपेटीपर्यंत जायची. चर्च तिच्यासाठी आता चीनइतकं लांब होतं. गाडी चालवायला ती कधी शिकली नव्हती, आणि लोवेल तिला डार्लाच्या गावी न्यायला तयार नव्हता. त्या गावात शिरताना कारखान्याचा मोठा फलक लागतो, तो त्याला बघवत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मॅक्सीनचा मला फोन आला.

"वेंडल, तुझा तो टोइंगचा ट्रक अजून चालतो का?"

"चालतो की. कुणाची गाडी बंद पडली?"

"कुणाची नाही. लोवेलची उचलायची आहे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "लोवेलची? काय झालं तिला?"

"काही झालेलं नाही. ती नियमात बसत नाही. उचल आणि चर्चच्या आवारात नेऊन ठेव. किल्ली मागू नकोस, ती त्याच्या खिशात असते."

"मॅक्सीन, तो माझा जीव घेईल."

"वेंडल ग्रूब," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही सगळे बाप्ये त्या टोपीकडे बघून माना हलवताय. मी आता चालू शकत नाही. मला माझ्या मुलीला बघायचं आहे, माझ्या घरात, माझ्या टेबलाशी. ती टर्की संपेपर्यंत मी जिवंत असेन याचीही तू मला लेखी हमी देणार आहेस का? नाही ना? मग ट्रक आण."

गेलो. लोवेल तळघरात टीव्हीवर फुटबॉल बघत होता. कारखान्याने त्याचे कान घेतलेत, त्यामुळे टीव्ही असा लावतो की अख्ख्या गल्लीला गुण कळतात. वर मी त्याची गाडी साखळीने उचलून रस्त्यावर घेतली तरी त्याला पत्ता नाही. मॅक्सीन खिडकीत काठीवर हनुवटी टेकून बघत होती. मी चर्चच्या आवारात रीजंट अगदी त्या कोपऱ्यात ठेवली जिथे डार्ला लावायची. टोपी जागच्या जागी होती. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

परत आलो तेव्हा हिरवी गाडी लोवेलच्या दारात, पाटीच्या शेजारी उभी होती. आईने फोनवर सांगितल्याप्रमाणे डार्ला थेट दारात आली होती आणि रताळ्यांचं भांडं घेऊन पायऱ्या चढत होती. बूट कोरडे. तिच्या मनगटाला अजून पट्टा होता, पण चेहरा लहानपणीचा. मॅक्सीनने दार उघडलं आणि दोघी तिथेच उंबऱ्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, गरम भांडं मध्ये. मला बघवेना. मी पायपुसण्यावर बूट पुसत बसलो.

पहिला अर्धा खेळ संपला आणि लोवेल बिअर घ्यायला वर आला. स्वयंपाकघरात मुलगी. तो तिच्याकडे बघून जवळजवळ हसला. मग त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

"माझी गाडी कुठंय?"

मॅक्सीन टर्कीवर तूप सोडत होती. वळली नाही. "परक्या गाड्या लावतात तिथे."

"कुणी नेली? वेंडल, तू?"

"मी फक्त ट्रकवाला," मी म्हणालो.

"ती टॉलिव्हर आहे!" लोवेल ओरडला. "पाटीवर काय लिहिलंय? आपल्या गावच्या हातांनी..."

"बरोबर," मॅक्सीन म्हणाली. "म्हणूनच हलवली. ती जहाजातून आली, लोवेल. तू तिला बिल्ला लावलास."

त्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच कुणी मोठ्याने बोललं. खाली टीव्हीवर लोक ओरडत होते.

"बिल्ला लावणं म्हणजे काम नाही?" लोवेल म्हणाला. आवाज एकदम बारीक.

"आहे. पण त्या हिरव्या गाडीला उजवं दार ॲल्डर क्रीकच्या हुफनागलने बसवलंय. मी इतकी वर्षं त्याच दाराने आत बसतेय. तुझ्या पाटीप्रमाणे दारात कुठली गाडी राहायला हवी, ते तूच सांग."

तो घरातल्या चपला, अंगात नुसता शर्ट, तसाच बाहेर पडला. डार्ला उठली तर मॅक्सीनने तिचा हात धरला. "जाऊ दे. दोन गल्ल्या तर आहेत."

आम्ही खिडकीतून बघत राहिलो. लोवेल बर्फावरून कुबड्या घेतल्यासारखा चालत गेला. शेजाऱ्यांचे पडदे हलले. मला वाटलं आता गाडी घेऊन येतो आणि सगळ्यांचा उद्धार करतो. पण आणून लावणार कुठे? दारात मुलीची गाडी. त्याच्या गॅरेजमध्ये त्याची जुनी बिशप, इंजिनाविना. रस्त्यावर बंदी. किल्ली खिशात असून त्याला चालतच परत यावं लागलं. आला तेव्हा नाक लाल, श्वास फुललेला, चपला ओल्या, आणि ती पांढरी पडलेली टोपी डोक्यावर.

तो घरात आला नाही. हिरव्या गाडीशी थांबला. आधी आजूबाजूला पाहिलं. मग उजव्या दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा उलटा. दार उघडलं, हात सोडला, दार आपल्या वजनाने येऊन बसलं. पुन्हा उघडलं. पुन्हा. गल्लीत तेवढाच आवाज.

डार्ला कोट न घालता बाहेर गेली. मी मागोमाग, कारण मला ऐकायचं होतं.

"खालची बिजागरी आधी आवळतेस?" लोवेलने विचारलं. दाराकडेच बघत.

"हो."

"आम्हाला वरची आधी आवळायला लावायचे. कंपनीचा हुकूम."

"माहितीये. तरी तू खालचीच आवळायचास. मुकादम पाठ फिरवून गेला की."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. कपाटाच्या दारावर."

लोवेलने टोपी काढली, पुन्हा घातली. "लांब आहे गं ते चर्च," तो म्हणाला. "आणि मेल्यांनी मीठ नाही टाकलेलं."

"माहितीये, बाबा," डार्ला म्हणाली.

त्याने तिच्या पट्टा बांधलेल्या हाताकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. माफी मागतो की काय असं मला वाटलं, पण हुफनागलांच्या घरात तो शब्दच नाही. "चल," म्हणाला, "टर्की वाळेल."

आता तुम्ही म्हणाल, त्याने पाटी काढली असेल. तुम्हाला लोवेल कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी रीजंट परत आणायला ट्रक घेऊन गेलो तर मला म्हणाला, "राहू दे तिथेच."

"का? डार्ला तर गेली. जागा रिकामी आहे."

"पाटी वाचता येते ना? नियम म्हणजे नियम."

तेव्हापासून त्याची गाडी चर्चच्या आवारात असते. डॉटीकडे जायचं, औषध आणायचं, केस कापायचे, तर आधी दोन गल्ल्या पायपीट. हातात मिठाची पिशवी. वाटेवर टाकत जातो आणि पाद्रीबुवांना शिव्या देतो. बुधवारच्या अड्ड्यावर आता गाडीची बढाई मारत नाही, मुलीने बसवलेल्या दाराची मारतो. ढकलणारे माना डोलवतात.

डार्ला दर रविवारी येते. दारातली जागा तिच्यासाठी रिकामीच असते. जेवणं झाली की मायलेकी अजूनही बाहेर जाऊन तिच्या गाडीत हीटर लावून बसतात. घर उघडं आहे, गरम आहे, तरी. सवय.

गेल्या रविवारी मी बिशपवरचा बर्फ झाडत होतो. लोवेल घरातून बाहेर आला, गाडीला एक चक्कर मारली आणि उजव्या बाजूची काच वाजवली. मॅक्सीनने ती थोडी खाली केली.

"मी बसू का जरा?" लोवेल म्हणाला. "ते दार आतून बघायचंय."

"मागे बस," मॅक्सीन म्हणाली. "ही जागा मी चालून मिळवलीय."